म्याडम, परत पिवळं!

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझा जनावरांचा दवाखाना आहे. पेशंट बरे होऊन घरी जातात, पण त्यांच्या मालकांचे किस्से माझ्याकडेच राहतात. त्यातले निम्मे तर एकाच तक्रारीचे! पहाटे फोन वाजतो. हॅलो नाही, नाव नाही. थेट, ‘म्याडम, परत पिवळं!’

म्हणजे कुत्र्यानं रिकाम्या पोटी पिवळा फेस ओकलाय. संध्याकाळी लवकर खाल्लेलं असतं, सकाळपर्यंत पोट रिकामं, मग पित्त चढतं. बाकी कुत्रं ठणठणीत असेल तर उपाय साधा. झोपायच्या आधी थोडं खायला द्या आणि सकाळचं लवकर द्या. रक्त दिसलं, कुत्रं मलूल पडलं किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच घेऊन या.

एवढंच सांगायचं असतं. पण ऐकणारा कोल्हापूरचा असतो!

०००

एक पैलवान आले. दारात मावेना असा माणूस आणि काखेत पांढरं पॉमेरियन. नाव वाघ्या!

मी म्हटलं, ‘रात्री मूठभर खाणं द्या.’

पैलवानांनी स्वतःची मूठ वळून बघितली. ती वाघ्याच्या डोक्याहून मोठी होती.

मी घाईनं म्हटलं, ‘तुमची नव्हे! घरात आई आहेत ना? त्यांची मूठ.’

‘आई भाईरच हाय की. आये, आत ये गं!’

आई आत आल्या. पदर खोचून त्यांनी मूठ वळून दाखवली.

मी म्हटलं, ‘राहू दे. माझी मूठ बघून जा!’

०००

एका जैन कुटुंबाचा लॅब्रॅडॉर आहे, मोती. त्या घरात दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं होतात, त्यांच्याबरोबर मोतीचंही. सकाळी पिवळं ठरलेलं.

मी जरा चाचरतच म्हटलं, ‘ह्याला रात्री थोडं द्यावं लागेल हो.’

मुलानं आणि सुनेनं आज्जींकडं बघितलं. आज्जी कडक, साऱ्या गल्लीला त्यांचा धाक. त्यांनी मोतीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

‘नियम आमी घेतलाय. कुत्र्यानं कुठं घेतलाय?’

झालं! व्हरांड्यात मोतीच्या खाण्याचा वेगळा डबा ठेवला गेला. पुढच्या वेळी मी विचारलं, ‘कसं चाललंय?’

आज्जी म्हणाल्या, ‘उलटी थांबली. पण आता दिवस मावळला की आमच्या सगळ्यांकडं बघत, मुद्दाम कुडूमकुडूम वाजवून खातोय!’

०००

एका दूधवाल्या दादांना मी म्हटलं, ‘उलटीचा फोटो पाठवा, रंग बघते.’ त्यांनी पाठवला. पण गेला सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर. खाली लिहिलेलं, ‘रोज सकाळी असं होतंय. काय करावं?’

सगळ्यात आधी त्यांच्या मावशीचं उत्तर आलं. ‘हळद जास्त पडलीया. खोबरं वाटून घाल.’

पाठोपाठ आत्या. ‘पातळ बी झालंय. एकदा उकळी काढ!’

दादांनी घाबरून मला फोन केला. ‘म्याडम, आता खरं सांगू का नगो? मावशी इचारतीया, चवीला कसं झालंय!’

०००

बँकेतल्या एका वहिनींची डाशहुंड, चिंगी. पहाटे उबळ आली की वहिनी तिला पटकन दोन घास द्यायच्या. चिंगीला आराम पडायचा. पण चिंगी हुशार. तिच्या ध्यानात आलं, ‘ओक ओक’ केलं की खायला मिळतं!

मग दुपारी ओक ओक. टीव्ही बघताना ओक ओक. पाहुण्यांच्या हातात खारी दिसली की जोरात ओक ओक!

वहिनी काळजीनं तिला घेऊन आल्या. टेबलावर ठेवल्या ठेवल्या चिंगीनं माझ्यासमोर पूर्ण प्रयोग लावला. मी फक्त थर्मामीटर काढला. तो कुठं लावतात, हे तिला मागच्या खेपेपासून माहीत होतं.

चिंगी शेपटीवर घट्ट बसली. एकदम खडखडीत बरी!

०००

मुरगूडचे आण्णा म्हणजे रिटायर झालेले ड्रायव्हर. वर्षभरापूर्वी त्यांची बायको गेली. आता घरात ते आणि राणी, त्यांची गावठी कुत्री. राणी रोज सकाळी पिवळं ओकायची, अंगानं सुकत चाललेली. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, काही सापडेना. आण्णांचा चेहरा उतरलेला. ‘हिला तरी वाचवा म्याडम.’

मी विचारलं, ‘रात्री खाते का?’

‘न्हाय. भाकरी कुस्करून ठेवतो, शिवत न्हाय. माझ्याम्होरं बसून ऱ्हाती नुसती.’

‘तुम्ही कधी जेवता?’

आण्णा खाली बघायला लागले. ‘दुपारी खातो की. रातचं एकट्याला काय करत बसायचं? च्या घेतो आन पडतो.’

मी म्हटलं, ‘आण्णा, राणीचं औषध तुम्हाला घ्यावं लागेल. रात्री तिच्या समोर बसून जेवायचं. आधी तुम्ही, मग ती.’

त्यांनी माझ्याकडं बघितलं, राणीकडं बघितलं, आणि तिला घेऊन ते निघून गेले.

महिन्या-दोन महिन्यांनी परत आले. राणी गुबगुबीत, आण्णांच्याही गालावर थोडं मांस आलेलं.

‘उलटी?’

‘बंद! बसतो की दोघं जेवाय रोज. पण म्याडम, काल वांग्यात मीठच घालायचं ऱ्हायलं. पयला घास घेतला आन तोंड वाकडं केलं. तर ही भाकरीला तोंड न लावता अशी बघाय लागली माझ्याकडं... अगदी आमच्या कारभारणीगत!’

‘मग?’

‘मग काय म्याडम! गुमान खाल्लं की!’