ताम्हिणीतला रिव्हर्स

सोमवारी अण्णांना गाडी चालवू द्यायची नव्हती, आणि हे त्यांना सांगायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. मोठी शहाणी!

शुक्रवारी संध्याकाळी अण्णांचे डोळे तपासलेल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. काचबिंदू आहे, डाव्या बाजूची नजर बरीच गेलीय, गेलेली परत येणार नाही, ड्रायव्हिंग आजपासून बंद. "वडिलांना मी समजावू का?" असं त्यांनी विचारलंही. मी म्हणाले, नको, मीच सांगते. अण्णा तेव्हा आमच्या पुण्याजवळच्या मारुंजीच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून खाली गाडी लावणाऱ्या टेम्पोवाल्याला नावं ठेवत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर काढली. रिटायर झाल्यावर बार्शीकडच्या आमच्या गावात शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायला लागले. रविवारी ते परत जाणार, सोमवारी शाळा. मधे एक शनिवार होता. घरात बोलायला जीभ रेटेना, म्हणून म्हटलं, चला अण्णा, ताम्हिणीचे धबधबे दाखवते.

सकाळी गाडीत बसले, पट्टा लावला आणि डॅशबोर्डवर दोनदा तळहात मारला. "चल." मी लहान असल्यापासून ही त्यांची थाप. भावाला त्यांनी गाडी शिकवली. मला नाही. "तू काय ट्रक चालवणारेस?" म्हणायचे. मी हिंजवडीत नोकरी लागल्यावर क्लास लावून शिकले, आणि आता त्यांच्या शेजारी बसून चालवताना क्लासमध्ये पहिल्या दिवशी घामटा निघाला होता तसा निघत होता. समोर ट्रक आला की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा.

पौडपर्यंत मी मनात वाक्यं जुळवली. "अण्णा, तुमचा रिपोर्ट आला." छे, फारच कोरडं. "अण्णा, आता आराम करा की." म्हणजे तर भांडणच. पौड मागे पडलं, तसं मी तोंड उघडलं, "अण्णा, ते डोळ्यांचं..."

"वायपरचं रबर बदल आधी. तुलाच काय दिसत नसंल ह्यातून."

झालं! मुळशीच्या पाण्याकडेनं पाऊस नुसता ओतत होता. भातखाचरांत बायका प्लास्टिकचे कागद पांघरून वाकलेल्या. उत्तरेकडचे कडे ढगात गेलेले आणि त्यांतून पांढऱ्या धारा सुटलेल्या, एक मोजेपर्यंत दुसरी. अण्णा पोरासारखे काचेला नाक लावून बघत होते. "आमच्याकडं ह्यातली एक जरी असती तर," म्हणाले. त्यांना इतकं खूश बघून मला रडूच यायला लागलं. आणि रागही येत होता, सगळ्यावर. त्या डॉक्टरीणबाईंवर, पावसावर, रस्त्यात गाणी लावून नाचणाऱ्या पोरांवर, स्वतःवर तर सगळ्यात जास्त. भजी खायला थांबलो तेव्हा दुसऱ्यांदा सुरुवात केली. ते म्हणाले, "गरम हायेत तोवर खा." मी खाल्ली.

ताम्हिणीच्या अलीकडे एका धबधब्यापाशी दोन्ही बाजूंना गाड्या लावून ठेवलेल्या. मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट, आणि समोर चढावर कोकणातून आलेली एसटी. माझ्या मागे कुणी नव्हतं.

"चढणाऱ्याला वाट द्यायची," अण्णा म्हणाले. "घे रिव्हर्स. थांब, मी उतरतो."

ह्याच क्षणी सांगायला हवं होतं. नका उतरू, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. एवढी चार शब्दांची गोष्ट. पण मी स्टिअरिंग धरून बसून राहिले, आणि ते टोपी घालून भर पावसात उतरले. गाडीच्या मागे उजव्या कोपऱ्याशी उभे राहून त्यांनी डिकीवर थाप मारली. "येऊ दे. येऊ दे, येऊ दे." तोच लहानपणापासूनचा आवाज. सेन्सर टीं-टीं करायला लागला. डाव्या आरशात थेंबच थेंब. मी सेन्सरचा आवाज बंद केला आणि थापेवर गाडी मागे घेतली.

रिपोर्ट मला माहीत होता. तरी घेतली.

धाडकन डावं मागचं चाक डोंगराकडच्या गटारात गेलं. दरी उजवीकडे होती म्हणून बरं. मी उतरून आधी अण्णांकडे धावले. ते धड होते, थापेसाठी उचललेला हात तसाच वर. आमची गाडी कलंडल्यामुळे एसटीला पुरेशी जागा झाली होती. ती हॉर्न देऊन निघून गेली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

शेजारच्या खाचरातून एक शेतकरी कागद सावरत वर आला. त्यानं गटार बघितलं, मग अण्णांना बघितलं. "बाबा, एवढं गटार हाय हितं. दिसलं न्हाई व्हय?"

अण्णांनी वर राहिलेला हात खाली घेतला. म्हणाले, "न्हाई. न्हाई दिसलं."

त्या माणसानं आणखी दोघांना हाक मारली, धबधब्याखाली नाचणारी पोरंही आली आणि गाडी उचलून रस्त्यावर ठेवली. आम्ही भिजून चिंब आत बसलो. काचा धुरकटल्या.

"डॉक्टरीण काय म्हणाली?" अण्णांनी विचारलं.

"गाडी बंद म्हणाली."

"कवा?"

"काल."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर फार बरं वाटलं असतं. "काल कळलं," ते हळू म्हणाले, "आणि तू मला गाडीमागं हुबं केलंस." मी हमसून रडले. त्यांनी रडू दिलं.

परत फिरलो. पौडच्या अलीकडे फोनला रेंज आली, तेव्हा त्यांनी मला बाजूला थांबायला लावलं आणि गावातल्या दुसऱ्या व्हॅनवाल्याला फोन लावला. "सोमवारपासनं माझी पोरं तू ने. न्हाई, कायमचीच. आणि ऐक, शेवटच्या दोघी बारक्या हायेत, त्यांना दार स्वतः उघडून दे."

फोन खिशात ठेवून ते समोर बघत बसले. मी गाडी चालू केली. सवयीनं त्यांचा हात डॅशबोर्डकडे गेला, आणि तिथं न टेकताच परत मांडीवर आला.

"आधी आरसा बघ," अण्णा म्हणाले. "मग निघ."