ऐका आणि करा

आमच्या इंग्रजीच्या बाईंच्या हातात छडी कधी नसायची. आवाजच असा होता की छडीची गरज पडू नये. कपड्यांच्या कारखान्यात शिफ्ट सुटली की पॅकिंगच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा. आम्ही शिलाईवाल्या, बटणवाल्या, इस्त्रीवाल्या. कुणाची चौथी झालेली, कुणाचा सगळाच आनंदीआनंद.

बाईंचं एक शास्त्र होतं. मूल आधी ऐकतं, ऐकलेलं करतं, बोलतं ते सगळ्यात शेवटी. मग तुम्हालाच कसली घाई? म्हणून पहिले काही महिने आमच्या तोंडाला कुलूप. बाई इंग्रजीतून हुकूम सोडायच्या आणि आम्ही तो अंगाने पाळायचा. उठा. खुर्ची उचला. दाराकडे ढकला. बाई थांबा म्हणेपर्यंत करत राहायचं. हळूहळू कानावर शब्द पडला की हातपाय आपोआप हलायला लागले. शाळेत व्याकरणापायी मी हातावर पट्ट्या खाल्ल्या होत्या आणि पदरात काही पडलं नव्हतं, त्यामुळे हे शास्त्र मला पटलं.

वर्गात सगळ्यात पुढे आमची एक इस्त्रीवाली बसायची. परदेशी गिऱ्हाइकांना माल दाखवायच्या टेबलावर तिला जायचं होतं. मॅनेजरने शब्द दिला होता, बोलायला लाग, टेबल तुझं. तिचा नवरा ट्रकवर. बायको इंग्रजी शिकते म्हटल्यावर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. एकदा ती करंगळी मोडून आली, एकदा ओठ फाटून. "जिन्यावरून पडले," म्हणाली.

"तुझा जिना पितो का गं?" बाईंनी विचारलं. ती हसली आणि ओठ पुन्हा उलला.

मग एका संध्याकाळी तो वर्गातच आला. हातात चाक खोलायचा पाना. "इंग्रजी शिकतेस? ये, मी शिकवतो," म्हणाला आणि पाना तिच्या डोक्यात घातला. ती खोक्यांवर कोसळली. घडी केलेल्या पांढऱ्या शर्टांवर रक्त पसरलं. आम्ही जागच्या जागी थिजलो. त्याने पुन्हा हात उगारला.

तेवढ्यात बाईंचा आवाज आला, रोजचाच, जराही न चढलेला. "स्टँड अप." आम्ही उठलो. "पिक अप द चेअर." उचलल्या. "पुश." तो भिंतीवर आदळला, पाना हातून सुटला.

"हिट," बाई म्हणाल्या.

मी मारलं. सगळ्यांनी मारलं. त्याचं कोपर फुटलेलं मला खुर्चीच्या दांड्यातून कळलं. बाई पुन्हा म्हणाल्या, आम्ही पुन्हा मारलं. आधी तो शिव्या देत होता, मग आईला हाका मारायला लागला, मग नुसता कण्हत राहिला. बाईंनी थांबा म्हणायला हवं होतं. त्या म्हणत नव्हत्या. खरं सांगते, मलाही थांबायचं नव्हतं. घरोघरच्या जिन्यांचा राग होता तो, किती दिवसांचा साठलेला.

शेवटी इस्त्रीवाली रांगत आली आणि त्याच्या अंगावर पडली. माझी खुर्ची तिच्या पाठीत बसली, तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो.

"हुकूम माझा होता. या बायकांना काही विचारू नका," बाईंनी पोलिसांना सांगितलं. हत्यार घेऊन तोच आला होता, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं. त्याचा उजवा हात मात्र कायमचा गेला आणि ट्रकही सुटला. मॅनेजरला भानगड नको होती. त्याने टेबल दुसरीला देऊन टाकलं.

बऱ्याच दिवसांनी इस्त्रीवाली वर्गात आली. डोक्यावर टाक्यांचा वण. बाईंनी खडू खाली ठेवला.

"त्याचं कोण बघतं?"

"मीच. भरवते, आंघोळ घालते."

"आणि अजून मारतो?"

"डाव्या हाताने," ती पुढच्या खुर्चीवर बसत म्हणाली. "तेवढं लागत नाही, बाई. करा सुरू."