उष्टा तांब्या

२००३ साल. मी अडतीस वर्षांचा, हवालदार. शाळा चौथीपर्यंतच, पण सेक्शन माझ्या शब्दावर हलायचं. पोस्ट राजस्थानच्या वाळूत. मी कडा गावचा, लान्स नाईक महादेव घाटनांदूरचा. दोघं बीड जिल्ह्याचे, म्हणून सवय एकच: पाणी वरून प्यायचं. बाटली सगळ्यांची, उष्टी करायची न्हाई. धार थेट घशात.

त्या दुपारी पेट्रोलवरून परतलो. महादेव तहानेनं लंगरात, आमच्या भटारखान्यात, घुसला. देगचे घासायचा कॉस्टिक सोडा कुणीतरी पाण्याच्या बाटलीत कालवून ठेवला होता. त्यानं धार सोडली. तोंड लावलं असतं तर जीभ पोळली असती, थुंकला असता. दोन घोट सरळ आत गेले.

नर्सिंग असिस्टंट ओरडला, "उलटी करू नको! वर येताना पुन्हा जाळेल!"

मी वायरलेस सेट उचलला. "कॅज्युअल्टी एक. गाडी भेजो. ओव्हर."

"गाडी निकली. आउट."

हॉस्पिटलात तो सुधारला, जेवू लागला. सिक लीव्हवर सोडताना मेजर डॉक्टरांनी बजावलं, "जखम भरताना अन्ननळी आवळते. गिळायला जड गेलं की लगेच यायचं."

महिन्याभरानं मी रजेवर आलो, घाटनांदूरला गेलो. महादेवच्या ताटात दुधात कालवलेली भाकर, तशीच पडलेली.

"काय बे, दात पडले का?"

"भूक न्हाई, दादा."

त्याची बायको सुमन म्हणाली, "खोटं बोलत्यात, भावजी. कालपासून पाणी बी उतरंना."

"कावून सांगितलं न्हाई?"

महादेव म्हणाला, "मेडिकल कॅटेगरी खाली करत्याल. घरी बसवत्याल."

"ऊठ. ऑर्डर हाय."

बीडला नेलं, तिथून मिलिटरी हॉस्पिटलात. आवळलेली नळी आतून थोडीथोडी रुंद करायची होती. ती फाटायचा धोका डॉक्टरांनी आधीच सांगितला होता. दोनदा जमलं. महादेव कपभर चहा प्याला, म्हणाला, "दादा, आता भाकर." तिसऱ्यांदा नळी फाटली. त्यातच तो गेला.

घाटनांदूरला त्याला अग्नी दिला. शहिदांच्या पाटीवर त्याचं नाव न्हाई, गोळी लागली नव्हती म्हणून. मी ते मानत न्हाई. ड्युटीवर तहान लागली होती त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सुमनवहिनीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. ओट्यावर भावकी बसलेली. मी तांब्याला तोंड लावलं. घोट जिभेवर धरला, मग गिळला.

एक म्हातारा बोलला, "अहो, उष्टा केला की!"

"केला," म्हणालो, अन् तांब्या पुन्हा तोंडाला लावला.