ओटीतला पगार

आमच्या देवासच्या मराठी बायकांना एक गोष्ट फार छान जमते. समोरच्या बाईकडून काम करून घ्यायचं आणि पैशाचा विषय निघायच्या आत तिला कुंकू लावायचं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी याच लोकांत वाढले. पण पाळणाघर काढलं तेव्हा हे कुंकू पगाराच्या जागी माझ्याच कपाळाला लागेल, असं काही वाटलं नव्हतं.

पाळणाघर काढायचं कारण साधं होतं. नवऱ्याची इथली कंपनी बंद पडली आणि त्यांना पीथमपूरला काम मिळालं. आठवडाभर ते तिकडे चौघांच्या खोलीत राहायचे, रविवारी घरी यायचे. दोन ठिकाणची भाडी काही झेपेनात. त्यांचं म्हणणं, देवासचं घर सोडू आणि धारला दादाच्या घरी राहू, तिथून पीथमपूरला रोज जाता-येता येतं. धारचं घर म्हणजे थोरल्या दिरांचा संसार, जाऊबाईंचं राज्य आणि आमच्या वाट्याला मागची खोली. तिच्यात सध्या गाद्या, बिघडलेला कूलर आणि गणपतीचं मखर राहतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी तिथे काढली आहेत. स्वतःच्या चहात साखर किती घालू, हेसुद्धा विचारून घालायचे. मी नवऱ्याला म्हटलं, ‘‘दिवाळीपर्यंत थांबा. इथलं भाडं मी काढून दाखवते. नाही निघालं, तर येते त्या गाद्यांशेजारी राहायला.’’ त्यांनी ते कबूल केलं, आणि मग लगेच दादाला फोन करून खोली रिकामी करायलाही सांगितलं.

त्याच रात्री जाऊबाईंचा फोन. ‘‘पोरं सांभाळायचे पैसे घेणार तू? आपल्या घराण्यात असलं कुणी केलं नाही हो.’’

आपलं घराणं! माझ्या सासरचे पूर्वज धारच्या दरबारात मुदपाकखान्यात होते. म्हणजे स्वयंपाकघरात. दरबाराशी संबंध होता, नाही कुठे म्हणते मी? पण तो पातेल्यांमधून होता. आणि त्या पातेल्यांचाही त्यांना महिना मिळत असणार, फुकट कोण ढवळतंय! हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, ‘‘बघू हो जाऊबाई.’’

पहिलं मूल आलं ते काकूसाहेबांच्या घरचं. खरं नाव घेत नाही, आणि एक त्यांचे यजमान सोडले तर त्यांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलंही नाही. सगळा देवास त्यांना काकूसाहेबच म्हणतो. अजूनही नवीन माणूस भेटलं की त्या आधी विचारतात, तुम्ही थोरल्या पातीकडचे की धाकट्या? अहो, देवासची थोरली-धाकटी दोन्ही संस्थानं जाऊन किती काळ लोटला, आता आहे ती नळाला पाणी येणारी बाजू आणि न येणारी बाजू. त्यांच्या बैठकीत भिंतीवर तलवार आहे. दसऱ्याला तिची पूजा होते, एरवी तिच्या मुठीला मोबाइलचा चार्जर लटकतो. सून बँकेत नोकरीला. नात दीड वर्षाची, गालाला खळी, आणि मांडीवरून उतरायचं नाव नाही.

काकूसाहेब नातीला घेऊन स्वतः आल्या. माझ्या दोन खोल्या पाहिल्या, सतरंजी हाताने चाचपली, मोरीत वाकून बघितलं. मग म्हणाल्या, ‘‘किती घ्यायचे, काय घ्यायचे, हे आपल्याआपल्यात काय बोलायचं? तू काय परकी आहेस?’’

आणि माझी जीभ! कुणी कळ दाबल्यासारखी चालली. ‘‘छे हो, काकूसाहेब. तुम्हाला योग्य वाटेल ते द्या.’’

डोंबलाचं योग्य. आपल्याकडे मुलींना हे वाक्य लहानपणापासून शिकवतात. शिलाई करून दिली, पुरणपोळ्या लाटून दिल्या, कुणाच्या पोरीला गाणं शिकवलं, की मान खाली घालून हेच म्हणायचं. समोरची बाई खूश होते. का नाही होणार?

पहिला महिना संपला. काकूसाहेब संध्याकाळी आल्या, मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि वर एक पाकीट, एकशे एक रुपयांचं. तो वरचा एक रुपया शुभ असतो म्हणे. महिनाभर पोरीचे लंगोट बदलले, मऊ भात भरवला, दात येत होते तेव्हा खांद्यावर टाकून दुपारच्या दुपारी फेऱ्या मारल्या. आणि ओटी अशी गोष्ट की ती नाकारता येत नाही. सवाष्णीने भरल्या ओटीला नको म्हणायचं? जीभ झडेल. तिच्यात काय आहे हे देणारीसमोर बघायचंही नाही, कमी आहे म्हणायचं तर सोडाच. पदर पसरायचा, वाकून नमस्कार करायचा. मी केला.

काकूसाहेबांनी रीत घालून दिल्यावर बाकीच्या मराठी घरांना काय, वाटच मोकळी झाली. सहा पोरं होती माझ्याकडे, आणि महिनाअखेरीला घरात हळदीकुंकू असल्यासारखी रांग. कपाट खणांनी भरलं. नारळ इतके साठले की वड्या केल्या, आणि त्या वड्या दुपारी याच बायकांच्या पोरांनी खाल्ल्या. घरमालक मात्र भाडं रोख मागत होता. त्याला खण चालत नव्हता.

आणि या सगळ्यावर एक वाक्य असायचं. निघताना चपला घालता घालता, अगदी मायेने. ‘‘तुलाही बरंच झालं हो. तेवढाच जीव रमतो.’’ आम्हाला मूल नाही. तेव्हा लोकांचं मूल दिवसभर कडेवर मिळतं, हाच माझा पगार, असा यांचा हिशेब. मला हे वाक्य ऐकलं की पायाच्या नखापासून संताप यायचा, अजून येतो. बँकेतल्या सुनेचाही जीव रमत असेल की नोटा मोजताना. तिला कुणी खण देऊन परत पाठवतं का?

माझा हा तमाशा थांबला तो एका परक्या बाईमुळे. माहेर खातेगावचं, बाप मंडीत अडत्या, म्हणजे धान्याचा दलाल, स्वतः इथे सरकारी कचेरीत बदलून आलेली. दोन वर्षांचा मुलगा काखेत मारून दारात उभी राहिली आणि आत यायच्या आधी विचारलं, ‘‘दीदी, रेट क्या है?’’

मी म्हटलं, ‘‘जो आपको ठीक लगे.’’

‘‘मुझे तो फ्री ठीक लगेगा,’’ ती म्हणाली. ‘‘ऐसे थोड़ी होता है, दीदी. भाव तो खोलो. मेरे पापा के यहाँ सोयाबीन की ट्रॉली भी बिना भाव बोले नहीं उतरती.’’

तिने माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई ठीक आहे ना, हिच्याकडे पोरगं ठेवावं की नको. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला म्हटलं, उद्या सांगते. आणि त्या दिवशी पोरं झोपल्यावर पहिल्यांदा सरळ विचार केला. भाडं, दूध, गॅस, साबण, आणि माझी पाठ. पाठीचा दर काय लावायचा हे कळेना. शेवटी विचार केला, मी आजारी पडले तर या सगळ्या बायका त्या दिवशी किती पगार गमावतील? त्यानंतर आकडा आपोआप वर सरकला. पूर्ण दिवस साडेतीन हजार, अर्धा दिवस दोन हजार, संध्याकाळी सहानंतर तासाला पन्नास.

पाटी हिंदीत लिहून घेतली, मुद्दाम. आमच्या या तरुण आया, घरी ‘आई, आई’ करतात, पण मराठीत चार ओळी वाचायला दिल्या की घाम फुटतो. मराठीत पाटी लावली असती, तर ‘ताई, मराठी पढ़ने में नहीं आती’ म्हणून सगळ्या सुटल्या असत्या. पाटी दारावर लागली. खातेगावच्या बाईने ती वाचली, मान हलवली, पैसे काढले आणि मुलगा आत सोडून गेली. संपला विषय. एवढंच असतं ते!

बाकीच्या पाटीखालून अशा जायच्या की जणू तिथे भिंतच आहे. महिनाअखेर आली. काकूसाहेब आल्या, हातात तबक. बाकीच्या दोघी-तिघी पोरं न्यायला आल्या होत्या, त्या मुद्दाम रेंगाळल्या.

‘‘बस गं पाटावर,’’ काकूसाहेब म्हणाल्या.

बसले. ओटी भरून घेतली, नमस्कार केला. मग म्हटलं, ‘‘काकूसाहेब, जरा थांबा.’’ आत गेले, कपाटातला सगळ्यात चांगला खण काढला, नारळ घेतला, तांदूळ घेतले, पाकिटात एकशे एक रुपये घातले, आणि त्याच पाटावर बसवून त्यांची ओटी भरली. त्यांनाही नाही म्हणता येईना. पदर पसरून बसल्या बिचाऱ्या.

‘‘मानाला मान झाला,’’ मी म्हटलं. ‘‘आता नातीचे साडेतीन हजार द्या.’’

काकूसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘‘आमच्या घरी महिना आम्ही कामवालीला देतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुला आम्ही मान देतो.’’

‘‘मग मला कामवाली समजा.’’

हे मी बोलून गेले, आणि खरं सांगते, त्या क्षणी लाजही वाटली आणि मोकळंही वाटलं, दोन्ही एकदम. काकूसाहेबांनी नात उचलली. पोरगी माझ्या गळ्याला मिठी मारून होती, तिचे हात सोडवावे लागले. ती दिसेनाशी होईपर्यंत रडत होती. मीही आत जाऊन रडले, कशाला खोटं बोलू. दुसऱ्या दिवशी आणखी चार मुलं आली नाहीत. एकाच्या आईने निरोप पाठवला, ‘थोडे दिवस आजोळी ठेवतोय.’ आजोळ गल्लीच्या टोकाला होतं.

रविवारी नवरा आला तो रिकामी खोकी घेऊनच. कंपनीतून आणली होती. ‘‘काकूसाहेबांना असं बोलायचं असतं का?’’ जेवताना म्हणाले. ‘‘थोडे कमी मागितले असतेस तर?’’

‘‘कमीच घेत होते. एकशे एक,’’ मी म्हटलं.

त्यांनी खोकी भिंतीला लावून ठेवली आणि सकाळच्या गाडीने गेले. दिवाळी अगदी तोंडावर आली होती. मी खातेगावच्या बाईचा मुलगा आणि उरलेलं एक पोर सांभाळत बसले, आणि मनातल्या मनात गाद्यांच्या खोलीत कॉट कुठे मावेल ते बघत होते.

आठवडा गेला असेल. सकाळी स्कूटीचा आवाज आला. काकूसाहेबांची सून, पुढे नात उभी. पोरीने गाडी थांबायच्या आत माझ्याकडे हात पसरले. सून बिचारी अवघडून उभी. मग हसायलाच लागली.

‘‘ताई, आईंनी पाच दिवस सांभाळलं हिला. कंबर धरलीय. काल हिने तलवारीला लटकणारा चार्जर ओढला.’’ मग पाकीट पुढे केलं. ‘‘आई म्हणाल्या, देऊन टाक तिला तिचे. पण कुंकू लावू नकोस.’’

‘‘नका लावू,’’ मी म्हटलं. ‘‘आणि सहानंतर तासाला पन्नास, पाटीवर आहे बघा.’’

पाकिटात मागच्या महिन्याचे आणि पुढच्या महिन्याचे असे पूर्ण पैसे होते, वर शुभाचा एक रुपया नव्हता. काकूसाहेबांनी दिले म्हटल्यावर बाकीच्यांची आजोळंही एका दिवसात संपली. रीत मोडायलासुद्धा यांना काकूसाहेबच लागतात! मागच्या महिन्याचे कुणी दिले, कुणी विसरल्याचं सोंग केलं. पण घरमालकाला मी वेळेवर भाडं दिलं, रोख, आणि हातात पैसे उरले.

नवरा रविवारी आला. मी पैसे पुढे ठेवले. त्यांनी दोनदा मोजले. ‘‘मग दादाला सांगतो, आम्ही येत नाही म्हणून,’’ म्हणाले, जरा पडल्या आवाजात.

‘‘मी सांगते,’’ मी म्हटलं आणि धारला फोन लावला. मला ते जाऊबाईंनाच ऐकवायचं होतं. घराण्याचा काय तो पाणउतारा एकदाचा होऊन जाऊ दे म्हटलं.

फोनवर जाऊबाईंच्या मागे, रविवार असूनही, पोरांचा गलका ऐकू येत होता. त्यांची स्वतःची तर केव्हाच मोठी होऊन इंदूरला गेली. मी म्हटलं, ‘‘जाऊबाई, आम्ही येत नाही. खोली राहू द्या तुमची. भाडं निघालं माझं.’’

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या. मी वाट बघत होते. घराणं काही निघालं नाही. मागे कुणीतरी रडायला लागलं, तशी त्या त्याला गप्प करून पुन्हा फोनवर आल्या.

‘‘किती घेतेस गं?’’ त्यांनी हळूच विचारलं.

मी आकडा सांगितला.

‘‘एका पोराचे?’’

‘‘एका पोराचे, महिन्याचे.’’

पलीकडे त्या पुटपुटत पोरं मोजायला लागल्या. मग त्या म्हणाल्या, ‘‘इथे आमच्या गल्लीतल्या सगळ्या नोकरीवाल्या आणून सोडतात माझ्याकडे. किती वर्षं झाली. संक्रांतीला ओटी भरतात.’’ मग विचारलं, ‘‘किती झाले असते गं माझे?’’

मला आकडा काढता आला असता. मी म्हटलं, ‘‘जाऊबाई, उद्या पाटी लावा.’’ फोन मात्र त्यांनी ठेवेपर्यंत मी ठेवला नाही.