न दिसणारं बटण

सांगलीतल्या एका छोट्या कंपनीत मी टेस्टर म्हणून लागले, तेव्हा माझ्या टेबलावर सात फोन, एक टॅबलेट आणि दोन कॉम्प्युटर होते. कुणाचं ऑनलाइन दुकान तयार झालं की ते या सगळ्यांवर, वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये उघडून बघायचं आणि चुका शोधायच्या, हे माझं काम. एकच पान एका फोनवर झकास दिसतं, आणि दुसऱ्यावर त्याच पानाची अक्षरं एकमेकांवर चढतात.

पहिलंच मोठं काम महाबळेश्वरच्या एका जॅमवाल्या बाईंचं आलं. छोट्या स्क्रीनच्या फोनवर त्यांच्या दुकानातलं 'ऑर्डर करा' हे बटण ऑफरच्या लाल पट्टीखाली जाऊन बसायचं. मी ते आमच्या मुख्य प्रोग्रामरना सांगितलं. त्यांना सगळे सर म्हणायचे. चहा चालला होता. माझे वडील आटपाडीकडे मेंढरं राखतात, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

सर म्हणाले, "असले फोन आता फक्त तुझ्या गावाकडच्या मेंढक्यांकडे असतील. ते काय जॅम मागवणारेत?"

सगळे हसले. मीही हसले. मला तेच जास्त लागलं.

दुकान तसंच सुरू झालं. महिन्याभरात जॅमवाल्या बाई तणतणत आल्या. छोट्या फोनवरून गिऱ्हाइकांना काही घेताच येत नव्हतं. सरांनी माझ्याकडे बोट केलं. "टेस्टिंग हिच्याकडे होतं." मी सांगितलं होतं ते तोंडी. कागदावर काहीच नव्हतं, आणि तेव्हा हसलेल्यांपैकी एकही जण बोलला नाही. त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली.

पुढं लग्न होऊन मी साताऱ्याला आले, आडनाव बदललं, आणि हेच काम घरून स्वतंत्रपणे करू लागले. सरांना विसरले असं कधी झालं नाही. भांडी घासताना मी त्यांना मनातल्या मनात उत्तरं द्यायचे, आणि दर वेळी ती आधीपेक्षा चांगली जमायची.

चारेक वर्षांनी कुपवाडच्या एका कारखानदारांचा फोन आला. ते मेंढरं कातरायच्या कातरी, ताडपत्र्या, जनावरांना औषध पाजायच्या नळ्या असलं सामान बनवत. त्यांचं ऑनलाइन दुकान तयार होत आलं होतं, आणि ताब्यात घेण्याआधी बाहेरच्या कुणीतरी ते तपासावं अशी त्यांची इच्छा होती. दुकान कुणी बनवलंय, असं मी विचारलं. त्यांनी सरांचं नाव घेतलं.

"करते मी," म्हटलं.

पहिल्याच दुपारी सापडलं. तीच पट्टी, तेच बटण, तीच छोटी स्क्रीन. सरांनी जुनंच पान नवा रंग देऊन वापरलं होतं. मी त्याच संध्याकाळी कळवायला हवं होतं. नाही कळवलं. बारक्यासारक्या चुका रोज पाठवत राहिले आणि ही एक राखून ठेवली. मग सरांना साधा ईमेल केला: दुकान कोणकोणत्या फोनवर चालणं अपेक्षित आहे, ते कृपया लेखी कळवावं.

दोन ओळींत उत्तर आलं. "मोठ्या स्क्रीनचे नवे फोन पुरेत. छोटे जुने फोन आता कुणी वापरत नाही, ते सोडून द्या."

मी त्याची प्रिंट काढून पिशवीत ठेवली. नंतर मालकांना सुचवलं, दुकान ताब्यात घ्यायच्या दिवशी खरी गिऱ्हाइकं बोलवा, त्यांच्याच फोनवर बघू. त्यांना ते पटलं. आपल्या ओळखीचे दोन धनगर त्यांनी बोलावले, आणि तिसरे म्हणून मी आबांना, माझ्या वडलांना, आटपाडीहून आणलं. आबांना यातलं काही सांगितलं नाही.

कुपवाडच्या कारखान्यात मालकांच्या खोलीत सगळे बसलो. सरांसोबत एक नवखी प्रोग्रामर मुलगी होती. सरांनी मला ओळखलं नाही. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर त्यांनी दुकान फिरवून दाखवलं. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

मालक आबांना म्हणाले, "पावनं, आता तुमी मागवा बगू एक कातर."

आबांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांपासून लांब धरला, बोटानं पान वर-खाली केलं. "कातर दिसतीया. पर घ्यायची कुटनं?"

"खाली बटण आहे, आजोबा," सर म्हणाले.

"आवं, खाली नुसती तांबडी पट्टी हाय."

सरांनी फोन घेतला, दाबून बघितलं, बंद करून पुन्हा चालू केला. पट्टी हलेना. बाकी दोघांच्या फोनवरही तेच. मालकांचा चेहरा उतरला. "साहेब, माजी गिऱ्हाइकं समदी हीच हायती. ह्येंनीच मागवायचं न्हाई, तर दुकान कुणासाटनं केलंय?"

सर त्या मुलीकडे वळले. "हे पान हिनं लिहिलंय. मी बजावूनही हिनं छोट्या फोनवर तपासलं नाही."

मुलगी मान खाली घालून बसली. तिचे कान लाल झाले होते. मी पिशवीतून कागद काढला आणि मालकांसमोर ठेवला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. पुन्हा एकदा, सावकाश वाचला. सरांच्या कपाळावर घाम आला, आणि मी तो बघत बसले. मला फार बरं वाटलं.

बाहेर जिन्यात सरांनी मला थांबवलं. "आपण आधी कुठं भेटलोय का?"

इतकी वर्षं मी या माणसाशी भांडत होते आणि त्याला पत्ताच नव्हता. मी आठवण करून दिली. जॅमचं दुकान, मेंढके, कोण कोण हसलं, सगळं.

"कामाच्या गडबडीत बोललो असेन."

"गडबड नव्हती. चहा चालला होता," म्हटलं आणि खाली उतरले.

परतीच्या एसटीत आबांनी विचारलं, "तुला आदीच म्हाईत हुतं न्हवं?"

"व्हय."

मग सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. ते म्हणाले, "आदी सांगितलं आसतंस तर म्या आजून जोरात इचारलं आसतं."

पुढचे दोन महिने मालकांच्या सांगण्यावरून सर दुरुस्त केलेलं प्रत्येक पान माझ्याकडे तपासायला पाठवत, आणि मी चुका काढून परत पाठवायचे. चुका खऱ्याच होत्या. शेवटचं पान मात्र एकदम बिनचूक आलं. तरी मी ते दोन दिवस तसंच दाबून ठेवलं, नुसतं त्यांना ताटकळत ठेवायला. तिसऱ्या दिवशी फोन आला तो त्या मुलीचा. सर दोन दिवस तिलाच फैलावर घेत होते. "ताई, अजून काही राहिलंय का माझं?" तिनं विचारलं.

मी लगेच पान मंजूर केलं. त्या दोन दिवसांची मला लाज वाटते. बाकीच्याची नाही.