पेरूच्या झाडाखाली थांबलेली हाक

...तर हो, गुरुद्वारा पाहिला, लंगरमध्ये पोटभर जेवले, विष्णुपुरीच्या धरणावर फोटोही काढले. पण नांदेडहून पुढे बिलोलीला कशाला गेलीस, हे सगळेच विचारतायत, म्हणून ही पोस्ट.

कारण वर्षाताई. माझ्या मैत्रिणीची आत्या, बिलोलीत वकील. परदेशातून किंवा परराज्यातून आलेली माणसं कागदांवाचून अडकली की त्यांच्या केसेस ताई फुकट लढतात. मी पुण्यात लॉ करतेय, चार दिवस सुट्टी होती, म्हटलं बघून येऊ. नांदेडहून एसटी मिळते, आम्हा बायकांना अर्धं तिकीट. बसस्टँडसमोर सुशीला खा, म्हणजे चुरमुऱ्यांचा झणझणीत पोह्यासारखा प्रकार. सोबत भजी घ्याच.

ताईंनी मला थेट रहीमचाचांच्या घरी नेलं. चाचा टेलर. ताईंच्या केसमधल्या माणसांना राहायला जागा नसली की ती यांच्याकडे राहतात, जेवतात. तेव्हा तिथं एक म्हातारी होती. बसस्टँडवर सापडलेली. कागद नाहीत आणि भाषा कुणालाच कळत नाही. घरातले तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत.

"नांदेडच्या गुरख्याला हिचं बोलणं ऐकवलं," ताई म्हणाल्या. "तो म्हणतो ही नेपाळी नाही. म्हणजे बांगलादेशीच, असं पोलिसांचं गणित! नेपाळी माणसाला इथे राहायला व्हिसा लागत नाही गं. ती तिथली आहे असं सिद्ध झालं तर सुटली. नाही तर सोमवारी तिला परदेशी लोकांच्या कोठडीत पाठवतील. कुठल्या गावाला, ते मलाही कळणार नाही."

दिवस कलताना खाला उठली आणि अंगणात गेली. रिकाम्या भिंतीसमोर उभी राहून लांब, चढत्या सुरात हाक दिली. कान तिरका करून ऐकलं. हो म्हटल्यासारखी मान हलवली. दोन पावलं पुढं गेली, पुन्हा हाक, पुन्हा मान. मध्येच ती हसलीसुद्धा, कुणीतरी चेष्टा केल्यासारखी. समोर कुणी नव्हतं.

फक्त पेरूच्या झाडापाशी तिनं मान हलवली नाही. पुन्हा हाक दिली. थांबली. कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या तरी ती तशीच उभी. मग चेहरा पाडून आत आली.

"रोज असंच?" मी विचारलं.

"रोज," चाचा म्हणाले. "आमची सून या टायमाला वाळलेले कपडे काढायलाबी भाईर येत न्हाई. म्हणती, अंगण भरलंय."

मी हाकांचं रेकॉर्डिंग केलं. म्हटलं, ग्रुपवर टाकू, पटकन कुणीतरी ओळखेल. ताईंनी माझ्या हातातून फोनच घेतला. "टाक, आणि उद्या 'बांगलादेशी पकडली' म्हणून गावभर फिरेल. आवाज पाठवायचा नाही. घेऊन जायचा. समोर बसून ऐकवायचा."

दुसऱ्या दिवशी मी आणि चाचा देगलूर-उदगीरमार्गे लातूरला निघालो. रस्ता बरा आहे, पण बस खूप थांबते, पाणी जवळ ठेवा. लातूरला डाळ मिलमधल्या बिहारी, बंगाली, ओडिया कामगारांना ऐकवलं. बंगाल्यानं लगेच हात झटकले, "ये हमारा बोली नहीं है." ताईंना हे एवढं कळलं तरी बरं वाटलं असतं. क्लासेसच्या गल्लीत एक नेपाळी पोरगा मोमो विकतो, नाव बुद्धी. प्लेट खाऊन (चटणी जपून!) त्यालाही ऐकवलं. तो झाकण हातात धरून तसाच उभा राहिला.

"ये तामांग है. नेपाल की ही, पर नेपाली से अलग. मेरी बोली."

पुढचं तो हळूहळू बोलला. त्यांच्या डोंगरात एकमेकांच्या शेतात कामाला जातात. आदल्या संध्याकाळी एक बाई दारोदार हाक देते, उद्या आमच्याकडे या. आतून 'येतो' म्हटलं की ती पुढच्या घरी जाते.

"आपली सावड की," चाचा म्हणाले. "सावडीला हाव म्हटलं की जावंच लागतं."

हाकेतल्या नावांवरून बुद्धी घरं ओळखत होता. वाटेवर जशी होती, त्याच क्रमानं. आणि मग म्हणाला की त्या गावावर डोंगर कोसळला. ही सगळी घरं खाली आहेत, माणसांसकट.

रेकॉर्डिंग पेरूपाशी आलं. ती लांबलेली शांतता.

"और ये?" मी विचारलं.

"ये मेरा घर है, दीदी. हम लोग पहले ही निकल आये थे."

भर दुपारी, गाड्याच्या वाफेत, मी रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं. जी घरं गेली, ती तिला रोज 'येतो' म्हणत होती. फक्त जिवंत घर गप्प होतं.

बुद्धी गाडा बंद करून आमच्यासोबत आला. बिलोलीत ताईंनी पोलीस ठाण्यातल्या जमादारांना बोलावून ठेवलं होतं. ते खुर्ची टाकून बसले, "ती याला ओळखती का, ते बगू द्या."

संध्याकाळी खाला फिरली. भिंत झाली, खुराडं झालं. पेरूपाशी आली तेव्हा बुद्धी तिथंच उभा होता. तिनं हाक दिली, त्याच्याकडे न बघता, त्याच्या मागच्या कुठल्यातरी दाराकडे बघत.

तो घामानं भिजला होता. ताई म्हणाल्या, "नको असेल तर राहू दे रे." त्यानं खालाकडे पाहिलं आणि एकच शब्द बोलला.

तिनं मान वळवली. दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला आणि त्याला नावानं हाक मारली. जमादार खुर्चीतून उठून उभे राहिले.

सोमवारी बुद्धीच्या साक्षीवर ताई कोर्टात जिंकल्या. खाला आता चाचांकडेच आहे, काजं-बटणं करते. अंगणात जाणं बंद झालंय, सून खूश आहे. मी पुण्यात परत आलेय, कॉलेज सुरू आहे. बिलोली पाहायला जाच, ताईंना हातांची गरज आहे, एक दिवस दिलात तरी चालेल.

पण निघताना मी बुद्धीला लातूरच्या बसमध्ये बसवलं, तेव्हा त्यानं खिडकीतून विचारलं, "दीदी, मैंने 'आता हूँ' बोल दिया है. सबके साथ. अब जाना पड़ेगा क्या?"

मी हसून "अरे, काहीतरीच" म्हटलं आणि बस सुटली. तुम्ही काय सांगितलं असतं त्याला?