शाकाहारी माणसाचा शिकारीचा परवाना

पुरुषोत्तम आंबेकर नागपूरहून मिनेसोटात आला, तेव्हा टर्की नावाचा एक देश आहे एवढंच त्याला ठाऊक होतं. २००३ साली त्याने ईडन प्रेरीतल्या नव्या वसाहतीत घर घेतलं. तिथलं ओकचं अख्खं रान बिल्डरने तोडलं होतं आणि वसाहतीला ‘टर्की वुड्स’ असं नाव देऊन तो मोकळा झाला होता. रस्त्यांनाही झाडांची नावं होती. झाडं तेवढी नव्हती.

शेजारी अर्ल लिंडक्विस्ट राहायचा. सत्तरीचा, कमी बोलणारा शेतकरी. पूर्वी दर वसंतात तो त्याच रानात रानटर्कीची, म्हणजे मोराएवढ्या एका रानपक्ष्याची, शिकार करायचा. आता त्यासाठी दोन तास ड्राइव्ह करून दक्षिणेकडच्या टेकड्यांत जावं लागे. बिल्डरने रान खाल्लं, असं तो येताजाता सांगायचा. रानाला लागून असलेलं स्वतःचं मक्याचं शेत त्याच बिल्डरला आपणच विकलं होतं, हे मात्र सांगायचा नाही.

टर्क्या गेल्या खऱ्या, पण दोन वर्षांत परतल्या. ओकची फळं नसली तरी आता घरोघरी पाखरांसाठी दाणे टांगलेले होते, शोभेची सफरचंदं होती, आणि बंदूक चालवायला बंदी होती. रानात राहण्यात काय अर्थ आहे, हे त्यांना माणसांच्या आधी कळलं.

२००६च्या पितृपक्षात पुरुषोत्तमच्या बायकोने, नीलाने, सासऱ्यांचं पान वाढून घरामागच्या लाकडी डेकवर ठेवलं. अर्धा तास कावळा फिरकला नाही. मग एक धिप्पाड टर्की पायऱ्या चढून आला, आधी वडे खाल्ले, मग खीर संपवली आणि द्रोण उलटा करून पाहिला.

“डॅड, आजोबा केम अ‍ॅज अ टर्की,” नऊ वर्षांची सावनी म्हणाली.

नीलाने तिला दटावलं. थोड्या वेळाने स्वतःच हळू आवाजात म्हणाली, “वडे मात्र आधी खाल्ले हं. बाबांचंही तसंच असायचं.”

त्या दिवसापासून पुरुषोत्तम टर्की दिसला की गाडी थांबवायला लागला.

पुढच्या एप्रिलमध्ये अर्लचं नाव सोडतीत निघालं. शिकारीचे परवाने मोजकेच, पाच-पाच दिवसांचे, आणि चिठ्ठ्या टाकून दिलेले. नेहमीच्या सोबत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून अर्लने पुरुषोत्तमला विचारलं. शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं? शिवाय ऐन वेळी खोकून टर्कीला पळवून लावायचं, असं पुरुषोत्तमने मनाशी ठरवलं होतं. वाटेत त्याने दोनदा सरावही केला.

पहाटे दोघे झाडीत मिसळून जाणारे ठिपक्याठिपक्यांचे कपडे घालून टेकडीवर झुडपामागे बसले. अर्ल लाकडी डबीवर पट्टी घासून मादीचा आवाज काढत राहिला. दहा वाजेपर्यंत त्याला उत्तर दिलं ते एका ट्रॅक्टरने. उजाडल्यावर कारण दिसलंच होतं. मक्यापासून इंधन करायची लाट आली होती, आणि मालकाने उतारावरची झाडं, गवत, सगळं काढून कुंपणापर्यंत नांगर घातला होता.

“कसला शेतकरी हा,” अर्ल म्हणाला, “मक्यासाठी…” आणि पुढचं बोलायचं त्याने टाळलं.

दुपारी घरी पोचले तर अर्लच्याच दारात अकरा टर्क्या. एक नर पुरुषोत्तमच्या गाडीच्या दारात स्वतःचं प्रतिबिंब पाहून त्याच्याशी भांडत होता. अर्लने शहराच्या ऑफिसला फोन केला. गोळी झाडता येणार नाही, पण पातेलं वाजवून हाकलायला हरकत नाही, असं तिथल्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं. अर्लने पातेलं मागितलं नाही. त्याने डबी काढून एकदाच पट्टी घासली. अकराच्या अकरा त्याच्याभोवती जमल्या, एकीने तर त्याच्या बुटाची नाडी ओढली. अर्ल पायरीवर बसला. बराच वेळ उठला नाही. शेवटी नीलाने त्याला पोहे दिले.

२००८च्या सोडतीला त्याने अर्ज केला नाही. पुरुषोत्तमने केला, आणि नाव निघालं.

“पुरू, तू शिकार करणार?” पत्र हातात धरून नीलाने विचारलं.

“नाही गं. परवाने मोजकेच असतात. एक मी अडवून ठेवला की एक टर्की वाचला. सिंपल आहे.”

नीलाला ते इतकं पटलं की तिने मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सांगितलं, आणि डोशांच्या रांगेत उभ्या असलेल्या तीन कुटुंबांनी पुढच्या वर्षी अर्ज करायचं तिथल्या तिथे ठरवलं. रांगेतल्याच कांचनकाकूंनी याला व्रत म्हणता येईल का, तेही विचारलं.

पुरुषोत्तमने परवाना मोठ्या हौसेने अर्लला दाखवला. अर्लने चष्मा लावून तो पूर्ण वाचला. परवान्यावर लिहिलेला भाग तोच होता, नांगरलेल्या टेकडीचा.

“चांगलं केलंस,” तो म्हणाला. “पण तिथे आता वाचवायला आहे कोण?”

पण पुरुषोत्तमची पाच दिवसांची रजा मंजूर झाली होती. पाचही दिवस तो घरी झोपून राहिला आणि शिकार न केल्याचं पुण्य त्याने पदरात पाडून घेतलं.